जेलमधून अपील, फी शून्य: नाशिकरोडच्या बंद्यांसाठीची मोफत विधी सेवा कितपत कामाची?

निकाल आधी सांगतो, कारणं मागून. शिक्षा झालेल्या माणसाला नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहातूनच उच्च न्यायालयात अपील करून देणारी मोफत विधी सेवा खरी आहे, खरोखर फुकट आहे, आणि वापरावी अशीच आहे. खर्चाच्या बाबतीत पाचपैकी पाच. वकिलाच्या दर्जाला साडेतीन, कारण तो कोण मिळतो त्यावर बरंच अवलंबून. पाठपुराव्याला मात्र दोन. बंदी जेल रोडला, कागद जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात, वकील मुंबईत. या तिघांना जोडणारा माणूस या रचनेत कुणी नाही, आणि ते काम शेवटी घरच्यांवरच येतं. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं त्यांच्यासाठीच आहे.

सेवा कुणाला मिळते यावरून नेहमी गोंधळ होतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ मध्ये 'कोठडीत असलेली व्यक्ती' हा स्वतंत्र गट आहे. त्यामुळे बंद्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. घरी द्राक्षाची बाग आहे की भाड्याची खोली, हा प्रश्नच उद्भवत नाही. तलाठ्याकडे दाखल्यासाठी हेलपाटे घालण्यात पहिले पंधरा दिवस घालवणारी कुटुंबं असतात. ते पंधरा दिवस फुकट जातात. उत्पन्नाची अट जामिनावर बाहेर असलेल्या पुरुषाला लागू शकते, आत असलेल्याला नाही. महिलेला तर आत असो वा बाहेर, अट नाहीच.

फुकट म्हणजे काय काय? वकिलाची फी, कोर्ट फी, मसुदा, टायपिंग, नकलांचा खर्च, लागेल तिथे भाषांतर. पॅनेलवरच्या वकिलाला समिती मानधन देते. पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायची त्याला मुभा नाही. 'झेरॉक्सपुरते तरी द्या' अशी मागणी झाली तरी ती लेखी स्वरूपात समितीच्या सचिवांना कळवावी. तोंडी कुरबुरीचा उपयोग होत नाही.

साखळी तीन कड्यांची आहे. कारागृहातलं विधी सेवा केंद्र, तिथे येणारे वकील आणि विधी स्वयंसेवक ही पहिली. नाशिक जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ही दुसरी. मुंबईची उच्च न्यायालय विधी सेवा समिती ही तिसरी, आणि वकील नेमते ती हीच. खटला सत्र न्यायाधीशांनी किंवा अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी चालवला असेल, किंवा कोणत्याही कोर्टाने सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा दिली असेल, तर अपील उच्च न्यायालयात जातं. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या लहान शिक्षेचं अपील सत्र न्यायालयातच होतं, त्याला मुंबई लागत नाही. इथे बोलतोय ते पहिल्या प्रकाराबद्दल.

पहिला महिना: निकालाची प्रत

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबू.

तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत निकाल लागताच विनामूल्य द्यायची असते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३६३ होतं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४०४ आहे. ही प्रत बंद्याच्या हातात पडते आणि त्याच्या पिशवीत बराकीत जाते. बाहेर घरच्यांकडे काहीच नसतं. मुंबईतला वकील पहिल्या फोनला विचारतो, 'जजमेंट पाठवा', आणि इकडे शोधाशोध सुरू होते.

उपाय दुहेरी आहे. निकाल ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर अपलोड झाला असेल तर ती पीडीएफ लगेच उतरवून ठेवा. दाखल करायला ती चालत नाही, पण वकिलाला वाचून मुद्दे काढायला पुरते. आणि त्याच आठवड्यात नक्कल विभागात सही-शिक्क्याच्या नकलेचा अर्ज द्या. अर्ज द्यायचा तो खटला जिथे चालला त्या कोर्टात. मालेगाव किंवा निफाडच्या अतिरिक्त सत्र न्यायालयात शिक्षा झाली असेल तर नाशिकला अर्ज करून काही होत नाही.

नकलेवर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखा छापलेल्या असतात. त्या शोभेच्या नाहीत. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत साधारण साठ दिवसांची, आणि मुदत कायद्याच्या कलम १२ नुसार नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात. पण नक्कल तयार होऊन खिडकीत पडून राहिली, तुम्ही ती दहा दिवसांनी उचलली, तर ते दहा दिवस तुमच्या खात्यावर.

साठ दिवस सगळ्यांना लागू नाहीत. फाशीच्या शिक्षेत ३० दिवस. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) न्यायालयाच्या निकालावर, त्या कायद्याच्या कलम १२ नुसार, ३० दिवस. ॲट्रॉसिटी कायद्याखालच्या अपिलाला कलम १४-अ प्रमाणे ९० दिवस. निकालपत्राच्या शेवटच्या पानावर कुठल्या कायद्याखाली शिक्षा झाली ते आधी बघा, मग कॅलेंडर मोजा.

प्रत हातात देताना कारागृहाने बंद्याची लेखी पोच घ्यायला हवी. हा नियम महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून आला. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या निकालात बंद्याची पूर्ण शिक्षा भोगून झाली होती, उच्च न्यायालयाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करायला मात्र चार वर्षांच्या आसपास उशीर झालेला. प्रत दिली होती असं कारागृहाचं म्हणणं, पण त्याच्या सहीची पोच कुठेच नव्हती. तेव्हापासून प्रत वेळेत, फुकट आणि पोच घेऊन देणं, तसंच अपिलासाठी वकील पुरवणं, ही राज्याची जबाबदारी ठरली. व्यवहारात याचा अर्थ एवढाच: बंद्याने पोचेवर सही करताना खरी तारीख टाकावी. मागची तारीख टाकून सही केली तर उशिराचं खापर त्याच्यावर.

निकालाखेरीज दुसरा गठ्ठा म्हणजे खटल्याची फाइल. दोषारोपपत्र, साक्षीदारांच्या साक्षी, पंचनामे, शवविच्छेदन आणि रासायनिक विश्लेषणाचे अहवाल, आरोपीचा जबाब. हे सगळं खालच्या कोर्टातल्या वकिलाकडे असतं. 'आधी बाकी फी द्या, मग फाइल' हे ऐकायला मिळतं. फीपोटी पक्षकाराची फाइल अडवून ठेवायचा वकिलाला हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली स्पष्ट केलं आहे. भांडण न करता, एका साध्या पत्राने फाइल मागावी आणि मिळालेल्या पानांची यादी करून पोच द्यावी. बहुतेक वकील देतात.

एवढा आटापिटा कशासाठी? उच्च न्यायालय खालच्या कोर्टाकडून मूळ रेकॉर्ड मागवतं, मग पेपर बुक (अपिलाच्या कागदांचा संच) तयार होतं, आणि त्यात महिने जातात. तोवर शिक्षा स्थगितीचा अर्ज चालवायचा तर वकिलाच्या हातात साक्षी हव्यात. घरच्यांनी साक्षींचा स्वच्छ झेरॉक्स संच दिला तर विधी सेवेचा वकील महिना-दोन महिन्यांत उभा राहू शकतो. नाही दिला तर तो 'रेकॉर्ड येऊ दे' म्हणतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

कारागृहातून जाणारा अर्ज

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४२४ (जुनं ३८३) सांगतं की बंदी आपला अपील अर्ज कारागृहाच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे देऊ शकतो आणि त्याने तो योग्य न्यायालयाकडे पाठवायचा असतो. यालाच बोलीत 'जेल अपील' म्हणतात. सोय म्हणून ही उत्तम. मुंबईला जाणं नाही, सुरुवातीला वकील नाही, स्टॅम्प नाही.

बिघडतं ते मजकुरात. बंदी स्वतः किंवा बराकीतला कुणी जाणकार दोन-तीन फुलस्केप भरून कहाणी लिहितो. शेवटी 'माझ्या हातून चूक झाली, लहान मुलांकडे पाहून दया करावी' अशी ओळ येते. दयेचा अर्ज आणि अपील या दोन वेगळ्या गोष्टी. अपिलात 'चूक झाली' हे शब्द आले की पुढे वकिलाला त्याची सारवासारव करत बसावं लागतं. त्यापेक्षा अर्ज कोरडा ठेवावा. बंदी क्रमांक, कोर्टाचं नाव, सेशन्स केस नंबर, निकालाची तारीख, कलमवार शिक्षा, शिक्षा एकत्र भोगायच्या की एकापाठोपाठ, दंड किती आणि न भरल्यास किती कैद, अटकेची तारीख. मग एक वाक्य: दोषसिद्धी व शिक्षा मान्य नाही, सविस्तर मुद्दे वकिलामार्फत मांडू, मला विधी सेवा समितीमार्फत वकील मिळावा. शेवटचं वाक्य विसरू नका. ते नसेल तर वकील नेमायला आणखी एक पत्रव्यवहार होतो.

एकाच खटल्यात तिघा भावांना शिक्षा झाली असेल तर तिघांचे अर्ज वेगवेगळे. एकाच कागदावर तिघांच्या सह्या करून पाठवला की तो परत येतो. तिघांचा बचाव एकमेकांच्या विरोधात जात असेल ('मी तिथे नव्हतो, तो होता') तर वकीलही वेगवेगळे मागावेत.

अर्ज दिला की त्याचा जावक क्रमांक आणि तारीख विचारून घ्यावी. पुढे विलंबाचा प्रश्न आला तर हीच दोन आकड्यांची नोंद कामी येते. मुदत उलटलीच असेल तर घाबरायचं कारण नाही. मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज होतो आणि बंद्यांच्या बाबतीत न्यायालयं सहसा हात आखडता घेत नाहीत. पण कारण खरं आणि तारखांसकट हवं. 'आर्थिक परिस्थिती हलाखीची' हे कारण प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे त्याचं वजन राहिलेलं नाही. 'प्रत अमुक तारखेला मिळाली, अमुक तारखेला दुसऱ्या कारागृहात वर्ग केलं, पत्र अमुक तारखेला परत आलं' हे कारण चालतं.

मुंबई की संभाजीनगर?

नाशिकरोडला फक्त नाशिक जिल्ह्याचे बंदी नसतात. धुळे, जळगाव, नंदुरबार, अहिल्यानगर इथल्या कोर्टांनी शिक्षा दिलेलेही असतात. अपील कुठे जाणार हे बंदी कुठे बसला आहे त्यावर ठरत नाही, शिक्षा कुठल्या कोर्टाने दिली त्यावर ठरतं. नाशिकच्या सत्र न्यायालयाचं अपील मुंबईला मुख्य पीठाकडे. धुळे, जळगाव, नंदुरबार, अहिल्यानगरचं छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. तिथली विधी सेवा समितीही वेगळी. एकाच बराकीत शेजारी शेजारी झोपणाऱ्या दोघांची प्रकरणं दोन वेगळ्या शहरांत असतात, आणि एकाचं बघून दुसऱ्याने मुंबईला अर्ज पाठवला की तो फिरून यायला वेळ जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, पण ते दक्षिणेकडच्या सहा जिल्ह्यांसाठी. नाशिकला त्याने फरक पडलेला नाही.

खाजगी वकील की समितीचा? दोन्ही मात्र नको

सर्वाधिक नुकसान करणारी सवय हीच. आतून जेल अपील गेलेलं असतं, बाहेर मामा-काका मिळून खाजगी वकील करतात, आणि कुणी कुणाला सांगत नाही. मग एकाच निकालावर दोन अपिलं, दोन वकील, दोन नंबर. निदान लक्षात आलं तर ती एकत्र जोडली जातात. न लक्षात आल्यास जेल अपिलावर परस्पर आदेश होऊ शकतो.

कायद्याने इथे थोडी उशी ठेवली आहे. जेल अपील मुदत संपण्याआधी थोडक्यात फेटाळता येत नाही, आणि अगदीच फोल किंवा बंद्याला आणणं अवाजवी गैरसोयीचं वाटलं तरच म्हणणं न ऐकता फेटाळता येतं. तसं फेटाळल्यानंतर रीतसर दाखल केलेलं दुसरं अपील विचारात घ्यायचं राहिलं होतं असं आढळलं, तर न्यायहितासाठी ते ऐकता येतं (कलम ४२५). पण या तरतुदीवर भिस्त ठेवण्यापेक्षा खाजगी वकिलाच्या वकीलपत्रावर सही करतानाच बंद्याने 'माझं जेल अपील अमुक तारखेला गेलं आहे' असं लिहून द्यावं. दोन मिनिटांचं काम.

मग घ्यावं कोणतं? जन्मठेपेच्या प्रकरणात समितीच्या वकिलाला कमी लेखू नका. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा प्रकरणात नेमलेल्या वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव हवा आणि तयारीला पुरेसा वेळ मिळायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने अनोखीलाल प्रकरणात २०१९ मध्ये घालून दिलं आहे. घर गहाण टाकून नवख्या खाजगी वकिलाकडे जाण्यापेक्षा हा सौदा बरा. आमचं मत: पैसा मर्यादित असेल तर वकिलावर खर्च न करता नकला, झेरॉक्स, आणि मुंबईच्या दोन फेऱ्यांवर करावा.

वकील नेमल्याचं पत्र आलं की त्यात त्यांचं नाव आणि संपर्क असतो. पहिल्या फोनवर केस सांगायला बसू नका. 'संच कुठे पाठवू' एवढं विचारा. सोबत दोन पानी टिपण द्या: तारखांचा क्रम, साक्षीदार क्रमांक आणि कोण फितूर झाला, जप्ती कुठून झाली, खटल्यात आरोपी जामिनावर होता का, सहआरोपींचं काय झालं. वकिलाला तुमच्या मतांचा उपयोग नसतो, पान क्रमांकांचा असतो.

शिक्षा स्थगिती: खरा कस इथे

अपील दाखल होणं म्हणजे माणूस बाहेर येणं नव्हे. जन्मठेपेच्या अपिलांची अंतिम सुनावणी व्हायला अनेक वर्षं लागू शकतात. दरम्यान बाहेर यायचं तर कलम ४३० (जुनं ३८९) खाली शिक्षा स्थगित करून जामीन मागणारा वेगळा अर्ज लागतो. अपील गेलं म्हणजे हाही आपोआप गेला असं घरचे समजतात. जात नाही. वकिलाला स्पष्ट विचारा, 'स्थगितीचा अर्ज टाकला का, त्याचा नंबर काय?'

शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल आणि आरोपी जामिनावर असेल तर ज्या कोर्टाने शिक्षा दिली तेच कोर्ट अपील करेपर्यंत ती स्थगित करू शकतं. त्यासाठी निकालाच्या दिवशीच वकिलाने अर्ज तयार ठेवायला हवा. गुन्हा दहा वर्षं किंवा जास्त, जन्मठेप वा फाशीच्या शिक्षेचा असेल तर सरकारी वकिलाला लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, त्यामुळे पहिल्या तारखेला काही होत नाही. निराश होऊ नये.

अर्जात काय चालतं? भोगलेली शिक्षा (खटल्याआधीची कोठडी धरून), खटल्यात जामिनावर असताना अटी पाळल्या हे, सहआरोपीला मिळालेली स्थगिती, पुराव्यातली उघड खोट, आणि अपील लवकर ऐकलं जाण्याची शक्यता नसणं. शेवटचा मुद्दा काश्मिरा सिंग या १९७७ च्या निकालापासून चालत आला आहे. भोगलेल्या काळासाठी कारागृहाचा कोठडी दाखला लागतो, तो जुना चालत नाही. सुनावणीच्या सुमारास ताजा मागवावा. एनडीपीएसच्या (अमली पदार्थविरोधी कायद्याच्या) शिक्षेत त्या कायद्याच्या कलम ३७ च्या कडक अटी इथेही आड येऊ शकतात, तिथे केवळ 'बराच काळ आत आहे' यावर भागत नाही.

स्थगिती नाकारली गेली तर? आदेश नीट वाचा. 'या टप्प्यावर' असे शब्द किंवा पुन्हा अर्ज करायची मोकळीक असेल तर परिस्थिती बदलल्यावर त्याच न्यायालयात पुन्हा जाता येतं. परिस्थिती बदलली म्हणजे आणखी काही वर्षं भोगून झाली, सहआरोपी सुटला, गंभीर आजार निघाला. तसंच अपिलाची सुनावणी लवकर घ्यावी असा अर्जही करता येतो, आणि बऱ्याचदा स्थगिती नाकारतानाच न्यायालय तसं सांगतं. हे न पाहता लगेच दिल्लीला धावणं बहुतेक वेळा वाया जातं.

मंजूर झाली तर दुसरीच अडचण. जामीनदार. आदेश मुंबईचा, पण जातमुचलका आणि जामीन नाशिकच्या कोर्टात भरायचा. जामीनदाराची कागदपत्रं तपासण्यात आठवडे जातात. म्हणून वकिलाला आदेश होतानाच 'काही आठवड्यांसाठी रोख जामिनाची मुभा' मागायला सांगा. दंडाची रक्कमही विचारून घ्या. शिक्षेला स्थगिती म्हणजे दंडाला स्थगिती असं नव्हे, आणि दंड न भरल्यामुळे सुटका अडते. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा आदेश आहे. त्याची आठवण करून देणारा अर्ज घरच्यांनी द्यायला हरकत नाही.

नंबर मिळवा, बोर्ड बघा

पाठपुराव्याला दोन गुण का दिले ते इथे. अपिलाला नंबर पडला की ती बातमी बंद्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. तो नंबर मिळाला की मात्र सगळं सोपं होतं. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर केस नंबर किंवा पक्षकाराच्या नावाने स्थिती दिसते, आदेश उतरवता येतात, दररोजचा बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) दिसतो. नाव शोधताना स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार करून बघा. निकालपत्रावर इंग्रजीत जसं आहे तसंच बहुधा लागतं. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर (प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मिळाला तर नावाच्या भानगडीत पडायची गरज नाही.

'ऑब्जेक्शन' असा शेरा दिसला तर वकिलाला त्याच दिवशी कळवा. ऑब्जेक्शन म्हणजे सही राहिली, पान अस्पष्ट, वकीलपत्रावर कारागृहाचा शिक्का नाही असलं काहीतरी. ठरलेल्या वेळेत न काढल्यास नोंदणीच नाकारली जाऊ शकते. वकीलपत्रावर अधीक्षकांच्या साक्षांकनाचा शिक्का नसणं ही त्यातली नेहमीची.

तारखेला मुंबईला जायलाच हवं असं नाही. जायचंच असेल तर नाशिकरोडहून सकाळची पंचवटी धरली की दुपारच्या आत सीएसएमटी, आणि तिथून फोर्टमधलं उच्च न्यायालय चालत. पण बोर्डावर नंबर किती खाली आहे ते आदल्या संध्याकाळी बघून मगच तिकीट काढा. खाली असलेलं प्रकरण त्या दिवशी पुकारलं जाईलच असं नसतं.

वकील तारखेला आला नाही तर अपील 'गैरहजेरीत' काढून टाकतील ही भीती मात्र सोडा. बनी सिंग या १९९६ च्या निकालाने ते थांबवलं आहे. बंदी आत असेल तर न्यायालय तहकूब करू शकतं, सरकारी खर्चाने वकील देऊ शकतं, पण निकाल द्यायचा तो गुणदोषांवरच. वकील सतत गैरहजर राहत असेल तर समितीकडे लेखी अर्ज करून दुसरा मागता येतो. अर्ज बंद्याच्या सहीने कारागृहामार्फत गेला तर जास्त लवकर हलतो.

बंद्याची बदली येरवड्याला, हर्सूलला किंवा खुल्या कारागृहात झाली की जुन्या पत्त्यावर येणारी पत्रं अडकतात. बदली कळली की वकील आणि समिती, दोघांनाही कळवा. भेटीची वेळ ई-मुलाकातवर घेता येते, पण भेटीत कागदांवर सह्या होत नाहीत. सह्यांचे कागद कारागृहाच्या कार्यालयातूनच जातात.

इंटरनेटवरच्या सल्ल्याबद्दल

'अपील नाकारलं, पुढे काय' असं इंग्रजीत शोधलं की अमेरिकेची माहिती समोर येते, आणि ती इथे लागू होत नाही. तिथे फेडरल (केंद्रीय कायद्याखाली शिक्षा झालेल्या) कैद्याने तिथल्या कायद्याच्या कलम २२५५ खाली केलेला अर्ज फेटाळला गेला तर वरच्या कोर्टात जायला 'सर्टिफिकेट ऑफ अपीलेबिलिटी' लागतं. घटनात्मक हक्काची ठोस पायमल्ली दाखवली तरच ते मिळतं, आणि अपिलाची नोटीस साठ दिवसांत द्यावी लागते. आपल्याकडे सत्र न्यायालयाच्या शिक्षेवरचं पहिलं अपील हक्काचं आहे, त्याला परवानगी लागत नाही. परवानगीची पायरी आपल्याकडे येते ती सर्वोच्च न्यायालयात, विशेष अनुमती याचिकेच्या रूपाने. साठ दिवस हा आकडा दोन्हीकडे दिसतो म्हणून लोक फसतात.

अपील फेटाळलं तर

उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला तर विशेष अनुमती याचिकेची मुदत सर्वसाधारणपणे ९० दिवस. इथेही सेवा फुकट आहे, सर्वोच्च न्यायालय विधी सेवा समितीमार्फत. कारागृहातून अर्ज, सोबत दोन्ही न्यायालयांचे निकाल, साक्षांकित वकीलपत्र, शपथपत्र आणि कोठडी दाखला. वेळ खातं ते भाषांतर. मराठी साक्षी इंग्रजीत द्याव्या लागतात. सगळ्या साक्षी पाठवण्याऐवजी ज्या दोन-तीन साक्षींवर दोषसिद्धी टिकली आहे त्यांच्यावर खूण करून पाठवल्या तर काम लवकर होतं. कोणत्या, हे उच्च न्यायालयात बाजू मांडणाऱ्या वकिलालाच विचारा, आणि निकाल लागल्याच्या आठवड्यात विचारा.

अपील चालू असताना बंद्याचं निधन झालं तर दोषसिद्धी पुसण्यासाठी ते पुढे चालवता येतं. आई-वडील, पती-पत्नी, मुलं, भाऊ-बहीण यांनी तीस दिवसांत परवानगी मागायची असते (कलम ४३५).

संचित आणि अभिवचन रजा

फर्लो (संचित रजा) आणि पॅरोल (अभिवचन रजा) नाकारल्याच्या तक्रारीही कारागृहातल्या याच विधी सेवा केंद्रात येतात. नकाराचा आदेश लेखी आणि कारणांसह मागा. वरिष्ठ कारागृह अधिकाऱ्यांकडे प्रशासकीय अपील असेल तर ते आधी, नंतर उच्च न्यायालयात फौजदारी रिट. बहुतेक नकार पोलिसांच्या प्रतिकूल अहवालावर उभे असतात, आणि अहवालात ठोस काही नसून नुसतं 'शांतता भंग होण्याची शक्यता' असेल तर तोच रिटचा मुद्दा. रजेवर राहण्याचा पत्ता वेगळ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतला देता येत असेल, त्या घरच्या नातेवाइकाचं शपथपत्र जोडता येत असेल, तर नवा अर्ज रिटपेक्षा लवकर मार्गी लागतो. शंका असेल तर १५१०० या राष्ट्रीय विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करून नाशिकच्या प्राधिकरणाकडे नोंद करून घ्यावी, म्हणजे विधी स्वयंसेवक कारागृहात बंद्याला भेटून आदेशाची प्रत बघू शकतो.